ओल्या अंगठ्यांचा कागद

इराणातल्या हमदानच्या आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं एक कुजबुज होती: मश्दी जुल्फअलीचा पोरगा ओल्या अंगठ्यांपायी गेला. बापाने थोडी अक्कल चालवली असती तर वाचला असता.

जुल्फअली हमामात, म्हणजे मोहल्ल्याच्या न्हाणीघरात, लोकांची अंगं घासायचा. चेहरा विसरेल, पण पाठ नाही विसरायचा. जीभ हातातल्या घासणीपेक्षा खरखरीत. रोट्यांच्या भट्टीवाल्या हाजी सफरला भर लोकांत सांगायचा, "हाजी, एवढा मळ निघालाय की मळायला घेतलात तर दहा रोट्या होतील."

क्रांतीनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या कुदरतला उचललं. शिक्षक व्हायला शिकणारा एकुलता एक पोरगा, कुठल्याशा पक्षाचं वर्तमानपत्र वाटत होता. क्रांती न्यायालयात खटला चालेल, एवढंच घरी कळलं. वकील नाही, भेट नाही. तेव्हा जुल्फअलीला जुना रिवाज आठवला, मोहल्ल्याच्या साक्षीचा. मुलगा सालस आहे असं कागदावर लिहून घ्यायचं, खाली शेजाऱ्यांचे अंगठे. आता खटल्याआधी कागद आत पोचायला हवा, मग पोरगा सुटेल, असं त्याने धरून ठेवलं.

गुरुवारी हमाम तुडुंब. साबणाच्या वाटीत शाईचं फडकं ठेवून तो दारातच बसला.

"आधी अंगठा, मग पाठ."

"पोरगा सालस, कबूल," हाजी सफर म्हणाला. "पण बापाचं काय?"

"बापाचा कागद वेगळा काढू. त्यावर कुणी अंगठा देणार नाही, शाई वाचेल."

सगळे हसले. वाफेत, कमरेला एक फडकं गुंडाळून बसलेला माणूस कुणाला भिणार? एक्केचाळीस अंगठे उठले.

शनिवारी तुरुंगाच्या फाटकावर पहारेकऱ्याने कागद उजेडात धरला.

"बाबा, हे अंगठे आहेत की मनुके? रेषा कुठायत?"

"पाण्याने बोटं सुरकुतली होती, भाऊ. माणसं खरी आहेत."

"कोरड्या बोटांचे आण. मग बघू."

रविवारी तो दारोदार फिरला. पण आता माणसं कपड्यांत होती. कुणाला नोकरी आठवली, कुणाला लेकीचं लग्न. हाजी सफरने भट्टीतून मान वर काढली नाही.

"मश्दी, हात पिठाचे आहेत."

"थांबतो."

"दिवसभर पिठाचेच असतात रे."

मग त्याने एक गरम रोटी पुढे सरकवली. जुल्फअलीने ती घेतली नाही. संध्याकाळपर्यंत अंगठे झाले नऊ.

सोमवारी पहारेकऱ्याने कागदाला हातही लावला नाही. एक बोचकं दिलं: सदरा, चष्मा आणि एक शिक्का मारलेली चिठ्ठी.

"शोक करायचा नाही. मयताचा हलवा वाटायचा नाही. कबर कुठे, ते विचारायचं नाही."

गल्लीतलं कुणी दारात आलं नाही. जुल्फअली पुन्हा हमामात जाऊ लागला, पण थट्टा बंद. अंग घासून झालं की गिऱ्हाइकाची दहाही बोटं एकेक करून कोरडी पुसायचा. लोक त्याला वेडा म्हणत आणि हात पुढे करत.

बायको गुलअंदामने एकदाच विचारलं, "हमामाबाहेर घेतले असतेस अंगठे, तर?"

"चुकलंच," तो म्हणाला.

पुढे एकवीस वर्षं हे उत्तर त्या घरात राहिलं. दोघांनाही वाचता येत नव्हतं, आणि ती चिठ्ठी त्याने कधी कुणाला दाखवली नाही. पोराच्या त्या सदऱ्याच्या खिशात घडी करून ठेवली. तो गेल्यावर गुलअंदामने ती शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घेतली.

चिठ्ठीवर सुनावणीची आणि गोळी घातल्याची तारीख एकच होती. तो मंगळवार होता. पहिला अंगठा त्यानंतरच्या गुरुवारी उठला.