शोकेसपर्यंतचा दम

गणपत गोठणकराला संगीताची आवड होती असं त्याचा शत्रूही म्हणाला नसता. गावच्या भजनात त्याच्या हाती टाळ द्यायचे ते दोरी तुटलेले, म्हणजे निदान ते सांभाळण्यात त्याचे हात गुंततील. असा हा माणूस शेहेचाळिसाव्या वर्षी, कुवेतच्या उन्हात, सालमिया वस्तीतल्या एका सॅक्सोफोन मास्तरच्या दारी जाऊन उभा राहिला. याला कारण झाली त्याची छाती.

गणपत वेल्डर होता. विजयदुर्गच्या खाडीपलीकडलं गाव सोडून तो आखाती लढाईनंतर इथे आला. तेव्हा कुवेतात मोडलेलं सगळंच पुन्हा जोडायचं होतं, आणि गणपत जोडतच राहिला. तेलाच्या रिकाम्या टाकीत शिडीने उतरायचं, आणि पत्र्याला पत्रा जिथे मिळतो ती शिवण आतून मारायची. टाकीत उकाडा असा, की तोंडावरचा मास्क कपाळावर ढकलल्याशिवाय माणसाला सुचत नसे. धूर नाकातोंडात जाई. पण शिवण सरळ येई, आणि त्या शिवणीचा गणपतला एवढा अभिमान की लग्नाच्या फोटोइतकाच तो तिचाही फोटो बाळगून होता.

सत्त्याण्णव साली कंपनीच्या दवाखान्यात वर्षाची तपासणी झाली. एका नळीत जोर लावून फुंकायचं, मशीन कागदावर रेघ काढणार. गणपतची रेघ जेमतेम उठली आणि आडवी झाली. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरने ती दोनदा पाहिली आणि म्हणाला, सहा महिन्यांनी परत ये. तेव्हाही असंच आलं तर कंपनी करार पुढे चालवणार नाही. मधल्या काळात मोठ्या इस्पितळात छाती दाखव. गणपतने मान हलवली आणि इस्पितळाकडे फिरकला नाही. छातीचा कागद निघाला की तो फायलीत जाणार, फाईल मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, टेबलावर जाणार, आणि मुदीर विमानाचं तिकीट काढणार, एवढा हिशेब त्याला येत होता. गावी मालनने घरासाठी चिरे आणून रचले होते. थोरला मुलगा रत्नागिरीत शिकत होता. तिकीट परवडणारं नव्हतं.

फिंतासला कंपनीने दिलेल्या खोलीत गणपत धरून सहा जण राहत. त्यांतला झहूर मुकादम हा दाभोळकडचा, कंपनीची व्हॅन चालवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांची टर उडवायचा. गणपतची चिंता ऐकून तो जेवता जेवता म्हणाला, “गणपतभाऊ, हवा भरायची तर माणूस पंक्चरवाल्याकडे जातो. फुंकायचं शिकायचं तर फुंकणाऱ्याकडे जा.”

“हंयसर कोण फुकता?”

“कायतान मास्तर. दस्मानजवळच्या हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा, गोव्याचा. सत्तरीला आलेला. लिफ्ट बंद पडली की पाच माळे चढून यायचा आणि आल्या आल्या बाजा तोंडाला लावायचा. तुझ्या डॉक्टरच्या मशीनमध्ये त्याने फुंकलं असतं ना, तर मशीनलाच सलाईन लावावं लागलं असतं.”

खोली हसली. गणपत हसला नाही. चेष्टेतला सल्ला मनापासून घेणं हा त्याचा जुना दोष. त्याने ताट धुतलं आणि विचारलं, “तो रवता खंय?”

पुढच्या शुक्रवारी झहूरने त्याला सालमियातल्या एका इमारतीखाली सोडलं. कायतान मास्तर तिथे आपल्या लेकीकडे, लीनाकडे राहत होता. हॉटेलने कीबोर्ड आणून ठेवला होता आणि मास्तरला घरी बसवलं होतं. तो कोंकणी बोलायचा, गणपत मालवणी. दोघांनाही समोरचा थोडा चुकीचं बोलतो असं वाटे, पण अडत काही नसे.

“कुठलं गाणं शिकायचं मरे तुला?” मास्तरने विचारलं.

“गाणा नको मास्तरांनु. फुकूचा तेवढा शिकवा.”

“नुसतं फुंकायचं?”

“होय. पण लांब.”

स्वयंपाकघरात लीनाच्या हातून काहीतरी पडलं, बहुधा हसण्यामुळे. मास्तरने चष्मा काढून पुसला. “आरे बाबा, हॉटेलात माझी हयात गेली. जेवायचं नाही, फक्त वास घ्यायचाय म्हणणारं गिऱ्हाईक तूच पहिलं.”

पण त्याने बाजा दिला. पितळेचा, ठिकठिकाणी हिरवट पडलेला, गळ्यात अडकवला की मान खाली ओढणारा. तोंडाकडची वेताची पत्ती ओठांनी कशी ओली करायची, दात कुठे टेकवायचे, हवा छातीत न कोंडता पोटापर्यंत कशी उतरवायची, हे त्याने दाखवलं. मग धडा ठरला. गणपतने एकच सूर धरायचा, आणि मास्तरने दारापासून बाल्कनीकडे सावकाश चालायचं. वाटेत आधी चपलांचं कपाट, मग सोफा, मग काचेचं शोकेस, आणि शेवटी बाल्कनी. पहिल्या दिवशी गणपत चपलांच्या कपाटाशीच संपला. जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी वर येऊन कुणाला बरं नाही का म्हणून चौकशी केली.

फी म्हणून गणपतने बाल्कनीचा गंजलेला कठडा कापून नवा जोडून दिला. मास्तर त्याच्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणाला, “हात चांगला आहे. आता वारा बघू.”

मास्तर बाजा सरावाला घरी न्यायला देई, पण खोलीत तो वाजवायला बंदी होती. तिघांची रात्रपाळी होती आणि उरलेल्या दोघांना आयुष्य प्यारं होतं. मग झहूर व्हॅन समुद्राकडे नेऊन उभी करी, स्वतः बाहेर चहा पीत बसे, आणि काचा चढवलेल्या व्हॅनमध्ये गणपत घामाघूम होऊन आपला एक सूर धरी. फिरायला आलेली कुटुंबं क्षणभर थांबून व्हॅनकडे बघत. “जनावर आहे का आत?” एका मुलीने विचारलं. झहूर गंभीरपणे म्हणाला, “नाही, माझा भाऊ आहे. परीक्षेला बसलाय.”

हळूहळू सूर सोफ्यापर्यंत गेला. मग शोकेसपर्यंत. आणि तिथेच अडकला. आठवडे गेले तरी तो शोकेसच्या पुढे सरकेना. सूर सुटला की गणपत ओणवा होऊन श्वास ओढी, आणि त्या श्वासाबरोबर आतून एक बारीक शिट्टी येई. मास्तर ती कान देऊन ऐके. दम परत येईपर्यंत रिकामं बसायचं कशाला, म्हणून तो गणपतला दोनतीन सुरांचे छोटे तुकडे देऊ लागला. एका शुक्रवारी गणपतने सहज सांगितलं की आमच्या गावची पालखी देवळाबाहेर पडते तेव्हा सनईवर असंच काहीसं असतं. त्याने ते गुणगुणूनही दाखवलं, अर्थातच बेसूर. मास्तरने त्यातला सूर कुठून तरी खणून काढला आणि त्याच्या बोटांत घातला. त्या दिवशी गणपतची बस चुकली. पुढच्या शुक्रवारी तो नेहमीपेक्षा लवकर आला आणि आल्या आल्या पालखीच धरून बसला. बाल्कनीचा विषय त्याने काढला नाही.

सहा महिने भरले. दवाखान्यात गणपतने पोटापर्यंत हवा घेतली, ओठ नळीवर घट्ट धरले आणि मास्तरने शिकवल्याप्रमाणे सोडली. रेघ उठली. डॉक्टरने कागद पाहिला, गणपतकडे पाहिलं आणि ‘पास’ असा शिक्का मारला. त्या दिवशी खोलीत झहूरने बिर्याणी केली, आणि आपण हकीम असल्याचं जाहीर केलं.

शुक्रवारी गणपत मिठाईचा पुडा घेऊन सालमियाला गेला. मास्तरने पुडा टेबलावर ठेवला. “पालखी वाजव.”

गणपत वाजवू लागला. मध्येच खोकला आला, तो थांबेना. लीना पाणी घेऊन बाहेर आली. खोकला ओसरल्यावर मास्तर म्हणाला, “कागदावर तू पास झालास. इथे नाही झालास.”

“म्हणजे काय?”

“आहे तेवढा वारा कसा खर्चायचा, ते मी तुला शिकवलं. वारा वाढवणं माझ्या हातात नाय बाबा. माझ्याकडे शिकलेली पोरं महिन्याभरात बाल्कनी गाठायची. सहा महिने झाले, तू अजून शोकेसलाच चिकटलायस. ती शिट्टी बाज्याची नाही, तुझ्या छातीची आहे. त्या टाकीत उतरणं सोड. सोडेपर्यंत माझ्याकडे येऊ नको. मी शिकवणार, तू डॉक्टरला फसवणार, आणि एक दिवस टाकीत पडणार. ते पाप मला नको.”

गणपतचा चेहरा उतरला. “मास्तरांनु, माज्या पोटार पाय हाणतास तुमी.”

“हो,” मास्तर म्हणाला आणि बाजा पेटीत ठेवून दिला.

गणपत मिठाईचा पुडा तिथेच विसरला. परतताना व्हॅनमध्ये त्याने मास्तरला, गोव्याला आणि एकूण वाद्यांना जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. झहूरने एकदाही टर उडवली नाही.

पण टाकीतलं काम आता पूर्वीसारखं राहिलं नाही. आधी दम लागला की गणपत त्याला उकाडा म्हणे, वय म्हणे, काल रात्रीची मिरची म्हणे. आता त्याच्याकडे माप आलं होतं. शिडी चढताना वरून तिसऱ्या पायरीला त्याला कळे, हा सोफा. एका दुपारी शिवण अर्धी असताना तो बसला, आणि श्वास ओढताना त्याच्या ध्यानात आलं की आपण आज चपलांच्या कपाटापर्यंतही गेलो नाही. टाकीत आवाज घुमतो. ती बारीक शिट्टी चारी बाजूंनी त्याच्याकडे परत आली. वरून हेल्परने विचारलं, काय झालं? गणपत म्हणाला, काही नाही, आणि शिवण पुरी केली. ती थोडी वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी तो कुणी न बोलावता दवाखान्यात गेला. “पण तू तर पास आहेस,” डॉक्टर म्हणाला.

“ती युक्ती होती,” गणपतने हिंदीत सांगितलं. “एकदा फुंकायला जमतं. शिडीवर जमत नाही.”

डॉक्टरने एक्स-रे काढायला लावला. फुप्फुसांवर धुराने जे करायचं ते केलं होतं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळता येईल, असं तो म्हणाला. मुदीरने फाईल आपटली आणि करार संपेपर्यंत गणपतला हत्यारांच्या खोलीत बसवलं. ओव्हरटाइम गेला. वेल्डर म्हणून ज्याच्यापुढे साइट मान तुकवत होती, तो आता खिडकीतून पक्कड आणि हातमोजे देऊ लागला. करार पुढे चालेल की नाही, ते कुणी सांगत नव्हतं.

मालनला हे फोनवर सांगायला त्याने दोन आठवडे घेतले.

“म्हणजे आता भांडी मोजूक बसलास,” ती म्हणाली.

“पक्कडी.”

“एकूण एकच.” मग तिचा आवाज बदलला. “माका दोन वर्सा फोनार तुमचो खोकलो आयकाक येता. तुमी सांगशात म्हणान मी गप रवलंय. चिरे काय, चिरे थंयच आसत. ते खंय जातत?”

कार्डावरचे पैसे संपेपर्यंत दोघांनी शेजाऱ्याच्या गाभण म्हशीबद्दल बोलून घेतलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी तो सालमियाचे जिने चढला, प्रत्येक मजल्यावर थांबत. दार लीनाने उघडलं. “डॅडी, तुमचा स्टुडन्ट,” ती आत बघून म्हणाली, आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

बसता बसताच गणपतने सांगितलं, “टाकयेतसून भायर इलंय.”

मास्तरने पेटी उघडली. मग पेन्सिल घेऊन पालखीची चाल कागदावर काढली आणि श्वास घ्यायच्या जागी खुणा करत गेला. सनईवाला जिथे एकदा श्वास घेतो, तिथे त्याने तीनदा खूण केली. एके ठिकाणी थांबून त्याने ती पुसली, गणपतच्या छातीकडे पाहिलं, आणि पुन्हा केली.

“गावात असा वाजवनत नाय,” गणपत म्हणाला.

“गाव इथे आहे काय? वाजव.”

गणपतने पत्ती ओठांनी ओली केली आणि पहिल्या खुणेपर्यंत वाजवून थांबला. श्वास आत घेतला. श्वासामागे शिट्टी होतीच. मास्तर बोटाने टेबलावर ठेका धरून वाट बघत राहिला, आणि गणपतने पुढचा तुकडा उचलला.