अंगठ्याची पारख

रबरी रिंग हाती आली की तो ती उजव्या अंगठ्याखाली दाबी, डोळे मिटी आणि म्हणे, "थांबा साहेब, हिला बोलू द्या."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिल्वासाजवळ गलोंडा गावातल्या एका प्लास्टिक कारखान्यात मी देखभाल विभागाचा प्रमुख होतो. तो माझा फिटर, मूळचा खानदेशातला. त्याच्याविषयी तिथे आजही जे सांगतात, ते मला मुळीच मान्य नाही. आपणही मानू नये.

ओ-रिंग म्हणजे सिलिंडरातले तेल वा हवा गळू न देणारे रबरी कडे. तिचा कडकपणा मोजणारे उपकरण आमच्याकडे होते. ते बहुधा बिघडलेले असे. त्याचा अंगठा कधी बिघडला नाही. आकडा जितका मोठा तितकी रिंग कडक; सत्तर आणि नव्वद कडकपणाच्या रिंगा तो न पाहता वेगळ्या करी. सिलिकॉनची रिंग परत करताना म्हणे, "ही पाहुणी. एका जागी बसवा, भट्टीजवळ बी राहील. घासायला लावली की फाटली. राबायला आपली नेहमीची नायट्राइल रबराचीच."

बाजारात टोमॅटोही तो असेच दाबी. भाजीवाली गुजरातीत ओरडे, "लेवानां छे के खाली दबाववानां छे?" घ्यायचेत की नुसतेच दाबायचेत?

"चाळीसवर आला, मासी. आजच विका," तो गंभीरपणे सांगे.

आमच्या एका मशीनचा दरवाजा हवेच्या सिलिंडरवर सरके. त्याची सत्तरची रिंग वारंवार झिजे. मी नव्वदची बसवायला सांगितली. त्याने ती दाबली आणि डोळे उघडले.

"साहेब, ही गळणार नाही, पण सरकणार बी नाही. तेलाचा मोठा दाब असता तर हीच लावली असती. तिथं मऊ रिंग फटीत घुसून चिरते. इथं नुसती हवा आहे. ही दरवाजा धरून ठेवेल, अन् मग एकदम सोडेल."

"कडक तीच टिकाऊ. मला शिकवू नकोस."

त्याने बसवली.

चार दिवसांनी दरवाजा अर्ध्यात अडकला. त्याने हवा बंद केली, हे मी स्वतः पाहिले. सिलिंडरात कोंडलेली हवा मात्र उरली होती. त्याने आत हात घातला आणि दरवाजा झेपावला. उजवा अंगठा मुळापासून गेला.

कोणी म्हणतात, तो ताडी प्यायला होता. तो चहासुद्धा घेत नसे! ताडीच्या त्या एका वाक्यासाठी मी एका लग्नात भरले ताट ठेवून उठलो आहे. कोणी म्हणतात, त्याने रिंग चुकीची निवडली. यावर मात्र मी कधीच भांडलो नाही.

चौकशीत मला विचारले गेले, रिंग कोणाच्या निवडीची? मी उत्तरलो, "फिटरने बसवली." वाक्य खरे होते, मी ते फार काळजीपूर्वक रचले होते. तो शेजारीच, हाताला पट्टी बांधून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याची नोकरी गेली.

रिंग मी निवडली होती. हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

गावी परतण्यापूर्वी तो निरोप घ्यायला माझ्या खोलीत आला. मी एक सत्तरची आणि एक नव्वदची, अशा दोन रिंगा त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने डाव्या अंगठ्याने त्या एकेक दाबल्या, डोळे मिटून पुन्हा दाबल्या.

"ह्याला ऐकू येत नाही, साहेब."

मग त्या माझ्याकडे सरकवल्या. "आता तुम्हीच पाहा."

मी दोन्ही दाबल्या. मला त्या सारख्याच लागल्या. तसे सांगायला मान वर केली, तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.