ठुमकीचा पान्हा

येडशी स्टेशनावर पस्तीस वर्षं गाड्यांचे रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची नोकरी करून मच्छिंद्रराव निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन गोष्टी पक्क्या उरल्या होत्या. गाड्यांचं वेळापत्रक आणि स्वतःची मतं. त्यातलं सगळ्यांत पक्कं मत शेळीच्या दुधाबद्दलचं. "उग्र वास. माणसाच्या तोंडाचं न्हाय ते." त्यांनी ते कधी चाखलं नव्हतं, म्हणूनच मत इतकं पक्कं राहिलं होतं.

घरात पिशवीचं दूध यायचं आणि तीन उकळ्या फुटल्याशिवाय मच्छिंद्रराव त्याला हात लावत नसत. अंगणात मात्र त्यांच्या बायकोची, सुमनबाईंची, ठुमकी बांधलेली. काळी कुळकुळीत, कानांवर पांढरे ठिपके, आणि चालण्यात असा तोरा की नाव शोधावंच लागलं नाही. अडतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून सुमनबाईंनी दावणीला कायम एखादी शेळी ठेवली होती. तिच्या दुधावर लेक वाढला. लेक पुण्याला नोकरीला गेला, तसं ते दूध शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या नातवंडांना जाऊ लागलं. मच्छिंद्रराव ओट्यावर पेपर धरून सूचना देत, दावं आखूड कर, पाला कमी टाक. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथं शेळी खरी होती.

आणि एका बुधवारी सकाळी न्हाणीच्या ओल्या फरशीवर सुमनबाईंचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर.

ठुमकी व्यायली त्याला तीनच आठवडे झाले होते. दोन करडं पिऊनही कास भरून राहायची. धार काढली नाही तर कास दगडासारखी होणार. लक्ष्मीबाई मदतीला धावल्या आणि लाथ खाऊन तितक्याच वेगाने परत गेल्या. ठुमकीने दुधाचा थेंब सोडला नाही.

दुपारी लेकाचा, प्रसेनजितचा, फोन आला. "जय भीम पप्पा. शेळी विकून टाका की. मम्मीला तेवढाच आराम."

"रविवारी बाजारला नेतो," मच्छिंद्रराव म्हणाले. निर्णय कसा झटपट झाला याचं त्यांना समाधानही वाटलं.

सुमनबाई उठल्या, अंगणात गेल्या आणि प्लास्टरचा हात ठुमकीच्या पाठीवर ठेवून बसून राहिल्या. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, हा हिशेब मच्छिंद्ररावांनी आयुष्यभर मांडला होता. त्या दिवशी तो चुकल्यासारखा वाटला. बाहेर येऊन ते म्हणाले, "रविवारपातूर म्या काढून बघतो. न्हाईच जमलं तर मग बाजार."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी?"

"का? पस्तीस वर्षं गाड्या वळवल्या. एक शेळी वळना व्हय?"

गुरुवारी ठुमकीने तांब्या उडवला. शुक्रवारी मच्छिंद्रराव बायकोचं जुनं लुगडं पांघरून बसले, म्हणजे ठुमकी फसेल. ठुमकीने लुगड्याचा पदर खाल्ला. लक्ष्मीबाई भिंतीवरून बघत होत्या, त्यांना हसून हसून ठसका लागला. इकडे कास तटतटून आली होती. सुमनबाई गरम पाण्याच्या फडक्याने डाव्या हाताने ती शेकत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कशी सोडती ही पान्हा तुझ्यापाशी? काय मंतर घालतीस?" शनिवारी सकाळी मच्छिंद्ररावांनी शेवटी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोला काही शिकवायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

"मंतर कशाचा? बोलत बसायचं तिच्याशी."

"काय बोलायचं?"

"घरात कुणी ऐकत न्हाय, ते."

मच्छिंद्ररावांनी हात धुतले, कास धुतली आणि ते उकिडवे बसले. बोलायचं तर काय? घरचं बोलायची त्यांना सवय नव्हती. जे तोंडात होतं तेच निघालं. "लातूर," ते म्हणाले. ठुमकीने कान हलवला. "हरंगूळ. औसा रोड. मुरूड." आवाज हळूहळू सैल झाला. पावसाळ्यात कुठं गाडी रखडायची, ढोकीला कोण चहा पाजायचा, हे सगळं ते सांगत सुटले. बोटांखाली कासेचा सड ऊन आणि मऊ होत होता. कळंब रोड मागे पडलं आणि ठुमकीने अंग सैल सोडलं. धार सुटली. पण तांब्यात नाही, थेट मच्छिंद्ररावांच्या मिशीवर.

त्यांनी नकळत ओठ चाटले.

मग दुसरी धार त्यांनी मुद्दाम तोंडात घेतली. तिसरीही. ऊन, दाट, ओल्या भुईमुगाच्या दाण्यासारखी गोडसर चव. उग्र वास शोधूनही सापडेना. साठ वर्षांचा माणूस शेळीखाली तोंड आ करून बसला आणि लहान लेकरासारखा हसत सुटला.

"वास कुठं हाय गं?"

"बोकड जवळ न्हाय, भांडं सोच्छ हाय. मग कशाचा वास?" सुमनबाईही हसत होत्या. "दुधाला वास न्हवता वो, तुमच्या नाकाला हुता."

फेसाळ तांब्या भरला. त्यांनी फुलपात्र भरून बायकोपुढे धरलं.

"आधी तुमी घ्या," सुमनबाई सवयीने म्हणाल्या.

"म्या तोंडानंच पिलोय. घे."

सुमनबाईंनी डाव्या हाताने फुलपात्र तोंडाला लावलं. एक घोट. थांबल्या. मग डोळे मिटून सगळं पिऊन टाकलं. वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली.

"लई गोड हाय की वो!"

"आता गं? अडतीस वर्षं धारा काढायलीस अन् तुला म्हाईत न्हाय?"

"लेकराचं आसायचं, शेजारच्याचं आसायचं," त्या सहज म्हणाल्या. "अन् मला कोण काढून देणार हुतं?"

तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच मच्छिंद्ररावांना मान वर करवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्यांनी पुन्हा कासेकडे हात नेला.

"त्यो सड न्हाय!" सुमनबाई ओरडल्या. "त्यो करडांचा. आमचा एकच सड आसतो."

"मग उद्या. उद्या पयलं फुलपात्र तुझं."

रविवारी लक्ष्मीबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काय भाऊ, बाजारला कवा निघायलाव?" मच्छिंद्रराव धार काढता काढता कळंब रोडला पोचले होते.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. सुमनबाईंनी तांब्याला हात घातला, तर मच्छिंद्ररावांनी तो आपल्याकडे ओढला आणि त्यांना समोर पाटावर बसवलं. आता स्टेशनं सांगावी लागत नाहीत. सुमनबाई बोलतात, इतक्या वर्षांचं साठलेलं, रोज थोडं थोडं. ठुमकी पान्हा सोडते. मच्छिंद्रराव धार काढता काढता ऐकतात, आणि बोलणं रंगात आलं की धार मुद्दाम हळू करतात.