केरबाच्या आधीचं नाव

नातवाचं बारसं परवावर आलंय. सून फोनमधून नावं वाचून दाखवतेय, अर्थासकट. तेवढ्यात बाहेर कुणीतरी अंगण झाडायला घेतलं, धुळीचा वास घरात आला आणि मी कळमनुरीकडच्या आमच्या गावात पोचलो.

मी तिसरीत होतो. वर्गात आम्ही तीन केरबा, म्हणून नव्या गुरुजींना हसू आवरलं नव्हतं. घरी आलो तर आई खराट्यानं अंगण झाडत होती.

"आये, माहं नाव केरबा काहून ठेवलं?"

"तुह्या आधीची दोन लेकरं गेली," ती झाडता झाडताच म्हणाली. "तू झाला तसं तुला सुपात घालून केरावर ठेवलं. शेजारणीनं उचलून मला आणून दिलं. केराला कोन नजर लावतंय?"

"मंग तुह्या मनात कोनतं नाव होतं?"

खराटा थांबला. "हाय एक. पन न्हाई सांगत. आजून भेव वाटतं."

तेव्हा मी रुसलो होतो. ते नाव तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सून अजून वाचतेय. आणि मी प्रत्येक नावाला मनातल्या मनात 'ओ' देऊन बघतोय.