बाराच्या रेघेवर बीबी

चार्टमध्ये बीबी गावच्या खरेदी केंद्राचा बार लाल आला होता. तो पटतो की नाही हे तपासून होईपर्यंत माझ्याशिवाय कोणी तो पाहायला नको होता. तेवढ्यात शिंदे मॅडमचा फोन आला.

"चार्ट पाहिला," त्या म्हणाल्या. "बीबी करारातून काढतोय आम्ही. दोनच केंद्रांच्या कराराचा कागद सोबत आणतेय. मी चिखली सोडलंय. जेवणाच्या आधी मेहकरला पोचते."

मी कुठलाही चार्ट पाठवलेला नव्हता.

आधी थोडी माहिती. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. आता मेहकरला राहतो आणि लहान कंपन्यांचे अहवाल तयार करून देतो. हे काम सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांच्या एका कंपनीचं होतं. तिची खरेदी केंद्रं तीन: लोणार, सुलतानपूर आणि बीबी. माल जायचा सोयाबीनचं पीठ करणाऱ्या एका कारखान्याला. शिंदे मॅडम त्या कारखान्याच्या खरेदी अधिकारी. करारात एक अट होती. दाण्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. त्याच्या वर गेला की गोदामात कट्टे, म्हणजे पोती, तापतात आणि बुरशी धरते. ज्या केंद्राची सरासरी बाराच्या वर, ते केंद्र करारातून बाद.

करार नव्याने करायचा होता. त्यासाठी मॅडमना एका पानात मावणारा चार्ट हवा होता. पुण्याच्या मुख्य कार्यालयात दाखवता येईल आणि फोनवर पाठवता येईल असा.

आकडे यायचे ते असे. प्रत्येक केंद्रप्रमुख फोनवर एक फॉर्म भरतो. पावती नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन, ओलावा. फॉर्म पाठवला की एका स्प्रेडशीटमध्ये आपोआप एक आडवी ओळ तयार होते. तिन्ही केंद्रांच्या ओळी एकाच शीटमध्ये येतात. मी हवे ते रकाने निवडतो आणि त्यातून चित्र काढतो. सरासरी बाराच्या वर गेली तर बार लाल, आत असेल तर हिरवा, असं मी लावून ठेवलं होतं.

पहिला चार्ट मी स्वतःसाठी काढतो. आकड्यांमध्ये गडबड असेल तर ती हजार ओळी वाचून दिसत नाही, चित्रात लगेच दिसते. त्या सकाळी लोणार आणि सुलतानपूरचे बार हिरवे आले. बीबीचा चौदाच्या वर गेला. एका आकड्याला दुसऱ्या ठिकाणाहून दुजोरा मिळाल्याशिवाय तो छापायचा नाही, ही डेस्कची सवय. म्हणून पावत्यांचा हिशेब आणायला मी बाहेरच्या खोलीत गेलो. लॅपटॉप आत उघडाच होता.

कंपनीचे अध्यक्ष दिनकरभाऊ आत लॅपटॉपजवळच बसले होते. मॅडमचा फोन ठेवून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"भाऊ, स्क्रीनचा फोटो तुम्ही काढला?"

"हाव. मॅडम सकाळपासून मांगून राह्यल्या होत्या. तुमचं तं काही होऊनच नाही राह्यलं."

"तो कच्चा होता."

"मले काय माहीत कच्चा का पक्का? रंगबिरंगी दिसला, टाकला गुरुपवर."

त्या ग्रुपमध्ये सगळे संचालक, तिन्ही केंद्रप्रमुख आणि मॅडम होत्या. मी लिंक पाठवली असती, तर शीट दुरुस्त होताच तिच्यातला चार्टही दुरुस्त झाला असता. फोटोचं तसं नसतं. तो निघाला त्या क्षणीच राहतो. दिनकरभाऊंनी फोटो डिलीट केला. तोवर तो पुढे गेला होता.

फोन पुन्हा वाजला. या वेळी वैशाली गवई, बीबीच्या केंद्रप्रमुख. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे केंद्र घेतलं होतं. शेड त्यांच्या घरच्या जागेवर होती. केंद्र बंद झालं तर त्यांचं आणि वजनकाट्यावरच्या चार माणसांचं काम जाणार होतं.

"सर, माझं नाव लाल रंगात टाकलं म्हणे तुम्ही."

"तुमचं नाव नाही, केंद्राचं."

"बीबीत केंद्र म्हणजे मीच हाये. गेटवर माणसं मोबाईल दाखवून राह्यले मले. एकानं तं उभा ट्रॅक्टर वळवला. वरतून म्हणते, ताई, तुमचा माल फेल झाला न."

त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी पावत्यांचा हिशेब शीटशी लावून पाहिला. लोणारच्या ओळी आणि पावत्या सारख्या होत्या. सुलतानपूरच्याही. बीबीच्या ओळी मात्र पावत्यांपेक्षा बऱ्याच जास्त होत्या.

"वैशालीताई, एकाच पावतीच्या दोन-दोन ओळी आहेत. का?"

"दोनदा मीटर लावते म्हणून. सकाळी ओला माल आला, रीडिंग घेतलं, फॉर्म भरला. वाळला, पुन्हा घेतलं, पुन्हा भरला. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, एकूण एक रीडिंग भरा. आता म्हणा, काऊन भरलं!"

"वाळतो कुठे?"

"शेडपुढं ताडपत्रीवर. ओला माल माघारी नाही धाडत आम्ही. वीस किलोमीटरवरून आलेला माणूस परत कुठं जाईन? पावती आल्याबरोबर फाडते, म्हणजे त्याचा नंबर राहते. माल वाळला का काट्यावर घेते."

मी सुलतानपूरला आणि लोणारला फोन लावला. दोन्हीकडचं उत्तर एकच होतं. ओला माल गेटवरूनच परत जातो. पावती फाटत नाही, म्हणून फॉर्मही भरला जात नाही.

चूक आता स्पष्ट होती. दोन केंद्रांचे आकडे घेतलेल्या मालाचे होते. बीबीच्या आकड्यांत घेतलेला मालही होता आणि नुसता दारात आलेला मालही. तिन्ही बार एका ओळीत उभे होते, पण ते एकच गोष्ट मोजत नव्हते. प्रत्येक रीडिंग इमानाने भरणारं केंद्र त्यामुळे लाल दिसत होतं.

दिनकरभाऊंना हे सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"मंग सोपं हाये न. पहिल्या ओळी उडवा, बार हिरवा करा, खतम."

"उडवायचं काही नाही. मॅडमनी लाल पाहिलाय. तासाभरात हिरवा दाखवला तर त्या विचारतीलच, मध्ये काय केलं म्हणून. उत्तर दाखवता आलं पाहिजे."

मूळ शीटला मी हात लावला नाही. तिची दुसऱ्या टॅबवर प्रत घेतली. प्रत्येक ओळीवर फॉर्म पाठवल्याची वेळ आपोआप पडते. ती केंद्रप्रमुखाला बदलता येत नाही. त्या वेळेच्या आधाराने प्रत्येक पावतीचं शेवटचं रीडिंग वेगळं काढलं आणि त्यावर नवी सरासरी काढली. बीबी बाराच्या आत आलं. फार आत नाही, पण आत.

मग एक अडचण निघाली. बीबीच्या चार पावत्यांना प्रत्येकी एकच रीडिंग होतं, आणि चारही बाराच्या वर. म्हणजे तो माल वाळला नव्हता आणि तरीही घेतला गेला होता. मी पुन्हा बीबीला फोन लावला.

वैशालीताई म्हणाल्या, "ढग आले होते त्या दिवशी. ऊनच नाही पडलं. त्या शेतकऱ्याईनं गाडी भाड्यानं आणली होती. घेतला मी. वेगळा ठेवला हाये."

"हे चार चार्टमध्ये दिसतील."

"दिसू द्या. घेतला तं घेतला."

दिनकरभाऊ ऐकत होते. "चार लॉटले कोण पाह्यते? एवढ्या ढिगात. काढून टाका बरं."

"मग तुमचा चार्ट दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

"तुम्ही ना, पत्रकारच राह्यले! इथं केंद्र चाललं हातचं, अन् तुम्हाले चार ठिपके पाह्यजे!"

ठिपके हा शब्द त्यांनी स्क्रीनवर पाहून वापरला होता. बार मी काढून टाकले होते. बार सरासरी दाखवतो, आणि सरासरीच्या पोटात चांगलं-वाईट दोन्ही लपतं. त्याऐवजी प्रत्येक पावतीचा एक ठिपका मांडला. आल्या वेळचं रीडिंग पोकळ ठिपका, घेतल्या वेळचं भरीव. मधून बाराची आडवी रेघ. बीबीच्या भागात पोकळ ठिपके रेघेच्या वर पसरले होते. भरीव सगळे खाली होते, चार सोडून. ते चार मी ठळक केले. चित्राच्या आतच खाली दोन ओळी लिहिल्या: काय मोजलं, कधी मोजलं.

मॅडम आल्या. चहाला नको म्हणाल्या. खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी फोनमधला लाल फोटो टेबलावर ठेवला आणि माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"सकाळी लाल होतं. आता रंगच गायब. मधल्या वेळात काय झालं?"

मी सांगितलं. ऐकून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "हे सगळं मला तुम्ही सांगताय. मूळ शीट उघडा आणि बाजूला व्हा."

मी उठलो. त्यांनी माउस हातात घेतला. बीबीचं सगळ्यात वाईट रीडिंग शोधलं. त्याचा पावती नंबर शोधात टाकला. त्याच दिवशी दुपारचं दुसरं रीडिंग निघालं, बाराच्या खाली. मग आणखी एक पावती, मग तिसरी. प्रत्येक वेळी नंबर त्या स्वतः निवडत होत्या. दिनकरभाऊ दाराजवळ उभे होते.

मॅडमनी चार ठळक ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे?"

"हे ओलेच घेतलेत," मी म्हटलं.

"हे तुम्ही चार्टमधून वगळू शकला असता."

"माल घेतलाय, म्हणून चार्टमध्ये आहे."

त्यांनी वैशालीताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. "गवई, ते चार लॉट कुठे आहेत?"

"गोडाऊनच्या उजव्या भिंतीले, मॅडम. खडूनं फुली मारली हाये कट्ट्याइवर. बाकीच्यात नाही मिसळले."

"माझ्या गाडीत मीटर आहे. मी येतेय तपासायला."

"या न. जेवूनच जा. भाकरी टाकतेच हाये मी."

मॅडम हसल्या नाहीत. "जेवणाचं मागून पाहू," म्हणाल्या आणि उठल्या.

आम्ही तिघं त्यांच्याच गाडीने बीबीला गेलो. केंद्रावर एकही ट्रॅक्टर नव्हता. ताडपत्री रिकामी पसरलेली होती. वैशालीताई काट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी नमस्कार केला आणि गोदामाची चावी सरळ मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी थप्पीतले कट्टे मनाला येतील तसे निवडले. वरचे, मधले, अगदी तळाचेही काढायला लावले. बांबी म्हणजे कट्ट्यात खुपसून दाणे काढायची पोकळ सळई. ती प्रत्येक कट्ट्यात घातली आणि दाणे आपल्या मीटरमध्ये टाकले. मीटरवर आकडा यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ सगळे त्या छोट्या काचेकडे पाहत होते. सगळे कट्टे बाराच्या आत निघाले. मग फुलीचे कट्टे. चारपैकी तीन लॉट बाराच्या वर होते, एक पडून पडून वाळला होता.

"हे तीन मी घेणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"नका घेऊ," वैशालीताई म्हणाल्या. "पण केंद्राचं सांगा. बाहेरची चार माणसं सकाळपासून मले एकच विचारून राह्यली, उद्या यायचं का नाही."

मॅडमनी बॅगेतून कराराचा कागद काढला. त्यात दोनच केंद्रं होती. काट्याच्या टेबलावर ठेवून त्यांनी तिसरं नाव हाताने लिहिलं आणि बाजूला सही केली. एक अट घातली. आल्या वेळचं रीडिंग फॉर्ममध्ये वेगळ्या रकान्यात भरायचं, आणि तेही तिन्ही केंद्रांनी. परत पाठवलेल्या मालाचंसुद्धा. दिनकरभाऊ लगेच हो म्हणाले. मग आम्ही जेवलो. मॅडमही.

काम इथे संपलं नाही. तो लाल फोटो पुण्याच्या प्रेझेंटेशनमध्ये लागला होता. तो काढायला लावण्यासाठी मॅडमनी मुख्य कार्यालयाला तीन वेळा लिहिलं. लोणार तालुक्यातल्या इतर ग्रुपांवरही तो फिरत होता. माझा ठिपक्यांचा चार्ट दिनकरभाऊंनी त्या सगळ्या ग्रुपांवर टाकला, पण तो कोणी पुढे पाठवला नाही. त्यात वाचावं लागत होतं. पुढचा आठवडाभर बीबीची ताडपत्री अर्धी रिकामी राहिली. वैशालीताईंनी एकेका शेतकऱ्याला फोन केले. बरेच परत आले. ट्रॅक्टर वळवणारा मात्र त्या हंगामात आला नाही.

आता कच्च्या चार्टवर मी आडवं, मोठ्या अक्षरात 'कच्चा' लिहितो, आणि त्यानंतरच त्यात आकडे भरतो. माल कुठल्या टप्प्यावर मोजला ते चित्राच्या आत लिहितो, खालच्या टिपेत नाही, कारण फोटो काढणारा टीप कापून टाकतो. दिनकरभाऊ म्हणतात, यानं चित्राची शोभा जाते. जाते खरी.