उंबरपाड्याचं खळं आणि पुष्पाताई

मुलुंडच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागले, त्याच आठवड्यात वर्गात बोलून गेले, "आपल्या उपनगराला जुना इतिहास असा नाही." मधल्या सुट्टीत मराठीच्या पुष्पाताई भोईर डबा घेऊन शेजारी बसल्या. "रविवारी मोकळ्या आहात ना? जुन्या चपला घालून या." ही आमची पहिली ओळख.

त्यांनी मला डोंगराच्या पायथ्याशी, त्यांच्या उंबरपाड्यात नेलं. भातशेती करणाऱ्यांची ही वस्ती. शेतं कधीच इमारतींखाली गेली होती. उरलं होतं ते मळणीचं सामाईक खळं. ताई वर्षानुवर्षं म्हाताऱ्या बायकांकडून एकेका शेताचं नाव वहीत उतरवून घेत होत्या. पुरुष म्हणत, कागद बघा. "चिखलात बायका होत्या, त्यांनाच विचारायला हवं," हे ताईंचं संशोधनशास्त्र. एक नाव तिघींच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या शाईनं लिहीत नसत. माझ्यासारख्या उतावळीला याचा फार राग येई.

माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी महिनाभर माझे तास घेतले. आभार मानायला गेले, तर मलाच विचारलं, "नववीचे पेपर कधी तपासणार?"

पुढे शेजारच्या सोसायटीनं खळ्यावर गाड्या लावल्या आणि भिंतीचा घाट घातला. मोजणीचे साहेब म्हणाले, "हद्द दाखवा." कागदावर ती नव्हतीच. ताईंनी पाड्यातल्या, ऐंशी ओलांडलेल्या अनुबाईंना पुढे केलं. त्या गोंधळल्या. "उभ्यानं नाय आठवत गं. जरा वाकू दे." जुन्या शेताच्या टोकाला, गावदेवीच्या दगडापाशी त्या वाकल्या आणि भाताची लावणी करतात तशा, एकेक पाऊल मागे सरकत सोसायटीच्या आवारातल्या गाड्यांमधून निघाल्या. वॉचमन हसला. एका जागी त्यांची टाच थांबली. "इथं बांध. इथं आलं की कंबर सरळ करायची. पल्याड खळं." मग ताईंनी मुद्दाम घरात बसवून ठेवलेल्या दुसऱ्या आजींना बोलावलं. त्याही वाकल्या, मागे सरकल्या आणि त्याच जागी थांबल्या. साहेबांनी नकाशावर खूण केली. भिंतीचं काम थांबलं.

हद्दीचा निकाल अजून यायचा आहे. फेरमोजणी होणार आहे, आणि दोन्ही आजी आता नाहीत. गेल्या रविवारी ताईंनी मला खळ्यावर बोलावलं. "वहीत सगळं आहे, पण जागा अंगात राहायला हवी. वाक. चुकलीस तर पुन्हा दगडापासून." मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा टाच बरोबर थांबली, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

ताई, आज आपली पंच्याहत्तरी झाली. अजून पुष्कळ वर्षं आपल्याला लाभोत, गुडघे आणि आवाज असेच खणखणीत राहोत. फेरमोजणीच्या दिवशी आपण फक्त दगडापाशी उभ्या राहा. वाकायचं काम माझं.