कुंदाताईंचा रविवारचा सिनेमा

मिश्राभाभींचा फोन आला तेव्हा मी पुण्याला मुलाकडे होते. ‘दीदी नहीं रहीं,’ त्या म्हणाल्या. माझी नणंद, कुंदाताई, जबलपूरला मदन महलच्या आमच्या घरी दुपारचं जेवण करून खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. समोर टीव्ही चालू होता. मिश्राभाभी भिंतीपलीकडे राहतात. सिनेमा संपला, बातम्या लागल्या, तरी आवाज बंद होईना, म्हणून त्या बघायला आल्या. कुंदाताई बातम्या कधीच लावत नसत...

अमरावतीहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा घरात चारच माणसं... सासरे, माझे यजमान, कुंदाताई आणि मी. कुंदाताई रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क होत्या, माझ्याच वयाच्या. मला हिंदी धड येत नव्हतं, बाजारात जायची भीती वाटायची. मग सुट्टीच्या दुपारी त्या मला टीव्हीसमोर बसवायच्या. तेव्हा टीव्हीसाठीच काढलेले छोटे सिनेमे लागायचे, प्रेमाचे, बिनगाण्यांचे, नाव माहीत नसलेल्या नटनट्यांचे. थंडीत जवळच्या पनागर गावचा मटार यायचा, तो सोलत आम्ही बघायचो. माझे डोळे भरून आले की कुंदाताईंचा हात थांबायचा. ‘काहून रडून राहिल्या वहिनी? इतके दिवस हिरो गावातच तर होता ना? तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि आता गाडी सुटल्यावर पळून राहिला! आमच्या स्टेशनवर असा पळाला असता ना, तर पोलिसानंच धरला असता.’ हिरॉइनची आई नेहमी वारलेली असते यावरही त्यांचं ठाम मत होतं. आई जिवंत ठेवली तर ती दोघांना समोरासमोर बसवून चहा होईस्तोवर सगळं मिटवून टाकेल, मग सिनेमा कशाचा काढणार?

त्यांच्या ऑफिसातले देवेंद्रजी एकदा वादळात वाकडी झालेली अँटेना सरळ करायला आले आणि मग येतच राहिले. त्यांना शेवट गोड लागायचा. कुंदाताई एकेक चूक काढू लागल्या की ते हात जोडायचे, ‘कुंदाजी, डेढ़ घंटे में बेचारों की शादी करानी है, कुछ तो छोड़ दीजिए!’ आणि कुंदाताई हसायच्या. एरवी त्या तोंडावर हात धरून हसत, देवेंद्रजींसमोर हात खालीच राहायचा. घरात सगळ्यांना कळलं होतं, कोणी बोललं नव्हतं, इतकंच.

देवेंद्रजींची बदली बिलासपूरला झाली. जाण्याआधी त्यांनी सरळ सासऱ्यांकडे येऊन कुंदाताईंना मागणी घातली. मला वाटलं, आता घरात आकाश कोसळणार. पण सासरे म्हणाले, ‘माणूस चांगला आहे. मराठी नाही तर नाही. कुंदाला विचारा.’

कुंदाताई नाही म्हणाल्या.

मी त्यांना गच्चीवर गाठलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हटलं, ‘बाबा हो म्हणून राहिले, तुम्हाला ते आवडतात. मग झालं काय?’

‘आवडतात ना,’ त्या म्हणाल्या. ‘पण माझी बदली तिकडे होत नाही, मी साहेबांना विचारून आले. म्हणजे नोकरी सोडायची. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच थांबता का इथं? तर म्हणे, प्रमोशन आहे, कुंदाजी...’ ओली साडी त्यांनी इतक्या जोरात झटकली की माझ्या तोंडावर पाणी उडालं. मग पाठ फिरवून त्या दोरीला धरून उभ्या राहिल्या. मी जिना उतरून खाली आले. त्या वेळी त्यांच्याजवळ मी असावं असं त्यांना वाटत नव्हतं, हे मला पाठीवरून कळत होतं.

देवेंद्रजींचं तिकडेच लग्न झालं. पुढे सासरे गेले, माझे यजमान गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला. छत्तीसगड वेगळं झालं आणि बिलासपूर तिकडे गेलं, तेव्हा कुंदाताई सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, ‘चलो, आता तर त्यांचं राज्यही दुसरं झालं.’ घरात आम्ही दोघीच उरलो. रविवारी दुपारी आता हिंदीत बोलणारे परदेशी सिनेमे लागू लागले, तेही प्रेमाचेच. बर्फात फिरतात आणि एकाचंही नाक गळत नाही, ही कुंदाताईंची नेहमीची तक्रार. मोठ्या शहरातली पोरगी सुट्टीला गावी यायची, तिथल्या बेकरीवाल्यावर तिचा जीव जडायचा आणि ती शहरातली नोकरी सोडून द्यायची. इथे मात्र त्यांचा आवाज चढायचा. ‘हिचीच नोकरी काहून सुटते दर वेळी? शहरात पाव खात नाहीत का लोक? आण म्हणावं तुझी बेकरी तिकडे!’

अशाच एका रविवारी देवेंद्रजी बायकोला घेऊन आले. नर्मदास्नानाला आले होते. केस पांढरे, ऐकायला कमी येत होतं. मी चहा ठेवला. देवेंद्रजी जुन्या ऑफिसातल्या कोणाकोणाची चौकशी करत होते, कुंदाताई मोजकं उत्तर देत होत्या. सरिताभाभी, म्हणजे त्यांची बायको, आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, ‘ये लड़की गाँव लौट आती है क्या, दीदी?’

‘लौटती है,’ कुंदाताई म्हणाल्या. ‘बेवकूफ़ है.’

सरिताभाभी इतक्या हसल्या की त्यांना कप खाली ठेवावा लागला. मग कुंदाताईही हसल्या. देवेंद्रजी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बिलासपूरहून फोन आला. मला वाटलं देवेंद्रजींचाच असेल. पण फोन सरिताभाभींचा होता. कोणतं चॅनेल, ते विचारायला. तेव्हापासून दर रविवारी दोघी आपापल्या घरी तोच सिनेमा लावायच्या आणि फोनवर नावं ठेवत बघायच्या. देवेंद्रजी वारले तेव्हा कुंदाताई पहिल्यांदा बिलासपूरच्या गाडीत बसल्या. तेरावं होईपर्यंत राहिल्या. परत आल्यावर पाय धुऊन ओट्याजवळ पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘घर छान आहे. अंगणात पेरू आहे. स्वयंपाकघरात उजेड भरपूर... मला नसतं जमलं तिथं, वहिनी. पण एकदा बघायचं होतं.’

कुंदाताई गेल्याचं सरिताभाभींना मीच कळवलं. त्या रविवारी त्या देवळातून जरा उशिरा आल्या, तोवर सिनेमा सुरू झाला होता. कुंदाताई फोन उचलेनात म्हणून त्या रुसून बसल्या होत्या, म्हणे.

आता मी जबलपूरलाच आहे. मुलगा म्हणतो, एकटी कशाला राहतेस, ये इकडे. जाईन कधीतरी. गेल्या रविवारी दुपारी मी आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. सरिताभाभी होत्या. ‘वहिनीजी... टीवी खोलिए ना.’ मला सगळेच वहिनी म्हणतात, त्याही. मी उठून टीव्ही लावला. कुंदाताईंच्या खुर्चीत न बसता पलंगावर बसले. फोन कानाला लावून दोघी बघत राहिलो. बिलासपूरचा टीव्ही आमच्या टीव्हीच्या किंचित मागून चालत होता. त्यामुळे इथे खोलीत सिनेमातली पोरगी ‘रुको’ म्हणायची, आणि क्षणभराने फोनमधून, लांबून, पुन्हा एकदा म्हणायची, ‘रुको...’